विश्लेषण : तज्ज्ञांचे एकमत आकड्यांनी तपासणारे डॉ. सुखात्मे कोण होते?

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात वरण-भातावर राबणाऱ्या माणसाला रोज किती प्रथिने लागतात? मोबाइलवर शोधले तर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समित्यांचीच तीन उत्तरे मिळतात. ६० किलो वजनाच्या पुरुषाला १९७३ च्या अहवालानुसार सुमारे ३४ ग्रॅम, १९८५ च्या अहवालानुसार ४५ आणि २००७ च्या अहवालानुसार ५० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने पुरेशी आहेत. आकडा इतका का हलतो, हे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या आयुष्यातून चांगले कळते.

धानाच्या बांधीतून सुरुवात

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. परतल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना, या शास्त्राचा गरीब शेतकऱ्याला उपयोग काय, असे विचारल्याचे सांगितले जाते. पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी व डॉ. पानसे यांनी नमुना पद्धतीने पीक कापणीचे तंत्र बसवले. आज पीकविम्यासाठी बांधीत ठरावीक चौरस आखून धान कापतात, ते याच परंपरेतले.

वाद कशावरून झाला?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला, अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी वेगळा हिशेब मांडला : पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के, कुपोषितही धरले तर फार तर निम्मे.

खरी ठिणगी प्रथिनांवरून पडली. १९६८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येत असल्याचा इशारा दिला होता. माशांचे पीठ, खास पूरक आहार अशा योजनांची चर्चा होती. सुखात्मे यांनी भारतीय आहार-पाहण्या पुन्हा चाळल्या. १९७० च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले की, प्रथिने कमी पडणाऱ्यांना बहुधा एकूण अन्नच कमी मिळते. पोट रिकामे असेल तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. म्हणजे आधी डाळ-भात पुरेसा हवा, डब्यातली पावडर नंतर. १९७३ च्या समितीने प्रौढांची प्रथिनांची गरज खाली आणली.

मग तेच बरोबर होते का?

पूर्णपणे नाही. दीर्घ काळ चाललेल्या नव्या प्रयोगांत १९७३ चा आकडा अपुरा ठरला आणि १९८५ मध्ये तो वाढला. उष्मांकांबाबतही, निरोगी माणसाची रोजची गरज कमी-जास्त होते, म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येकजण कुपोषित धरू नये, असे ते म्हणत. डॉ. वि. म. दांडेकर आणि डॉ. सी. गोपालन यांना हे पटले नाही. गरिबीच लहान दिसेल, ही भीती होती आणि ती रास्त होती.

असे अहवाल शोधायचे कसे?

पबमेडवर विषय टाकून लेखप्रकारात ‘गाइडलाइन’ किंवा ‘कन्सेन्सस डेव्हलपमेंट कॉन्फरन्स’ निवडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक अहवाल मालिकेत प्रथिनांचे हे तीन अहवाल ५२२, ७२४ आणि ९३५ क्रमांकांवर आहेत. सर्वांत नवा कोणता, हे आधी पाहा. मग आकडा कोणत्या प्रयोगांवर उभा आहे ते वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यात या दोन्ही गोष्टी क्वचितच असतात.

१९७१ मध्ये पद्मभूषण मिळालेले सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजी गेले. २००७ चा अहवाल त्यानंतरचा. त्यातलाच किलोमागे ०.८३ ग्रॅम हा आकडा आयसीएमआरच्या २०२० च्या भारतीय शिफारशींतही आहे.