रोआल्ड अमुंडसेन : एका तारेसाठी आठशे किलोमीटर

छात्रमित्रांनो, भिलाईहून नागपूर साधारण २७० किलोमीटर आहे. त्याच्या जवळजवळ तिप्पट अंतर, तेही रस्ता नसलेल्या आर्क्टिक प्रदेशातून, एका माणसाने १९०५ च्या हिवाळ्यात कापले. कशासाठी? एक तार पाठवण्यासाठी. त्या माणसाचे नाव रोआल्ड अमुंडसेन. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेला माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते कसे घडले हे समजायचे असेल, तर तारेची ही गोष्ट माहीत हवी.

अमुंडसेन यांचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वेमध्ये जहाजमालकांच्या घराण्यात झाला. मुलाने डॉक्टर व्हावे ही आईची इच्छा. मुलाच्या मनात मात्र ध्रुवप्रदेश होता. कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवून झोपायचे आणि रोज व्यायाम करायचा, हा त्यांचा नेम होता. सैन्यसेवेसाठी वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा डॉक्टर त्यांच्या शरीरयष्टीवर इतके खूश झाले की शेजारच्या खोलीतील अधिकाऱ्यांनाही त्यांनी बोलावून घेतले. त्या गडबडीत डोळे तपासायचे राहून गेले. डोळे तर अधू होते! अमुंडसेन सैन्यात दाखल झाले. १८९३ मध्ये आई वारली आणि त्यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडले.

नुसत्या अंगबळावर भागत नाही हे त्यांना लवकरच कळले. १८९६ च्या जानेवारीत ते भावासोबत हार्डांगरविड्डा हे नॉर्वेतले पठार ओलांडायला निघाले आणि वाट चुकले. रात्री बर्फात खड्डा करून झोपले, तर सकाळपर्यंत वरचा बर्फ गोठून दगडासारखा झाला होता. भावाने खणून बाहेर काढले म्हणून ते वाचले. पुढे १८९७ ते १८९९ या काळात ‘बेल्जिका’ जहाजावर त्यांनी अंटार्क्टिकातला हिवाळा काढला. ताज्या अन्नाअभावी खलाशांना स्कर्व्ही झाली आणि सील व पेंग्विनचे मांस खाल्ल्यावर माणसे सावरली. आधीच्या मोहिमांचा अभ्यास करताना आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जहाजाचा कप्तान एक आणि मोहिमेचा प्रमुख दुसरा असला, की हुकूम दोन होतात आणि मोहीम फसते. म्हणून त्यांनी नौकानयनाची परीक्षा देऊन दोन्ही कामे स्वतःकडे घेतली.

१६ जून १९०३ च्या रात्री ‘योआ’ हे ४७ टनांचे जुने जहाज आणि सहा सहकारी घेऊन ते निघाले. कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक ते पॅसिफिक असा संपूर्ण जलमार्ग तोवर कोणत्याही जहाजाने पार केला नव्हता. किंग विल्यम बेटावर त्यांनी दोन हिवाळे काढले. तिथल्या नेत्सिलिक इन्युइट लोकांना युरोपातले बरेच लोक रानटी समजत. अमुंडसेन मात्र त्यांच्याकडे विद्यार्थी होऊन गेले. सैलसर कातडी कपडे का घालायचे, बर्फाचे घर कसे बांधायचे, कुत्र्यांची स्लेज कशी हाकायची, हे सारे ते त्यांच्याकडून शिकले.

ऑगस्ट १९०५ मध्ये समोरून येणारे अमेरिकन देवमाशांच्या शिकारीचे जहाज दिसले आणि मार्ग सापडल्याची खात्री झाली. पण लगेच हिवाळा आला आणि ‘योआ’ पुन्हा बर्फात अडकली. बातमी जगाला कळवायची, तर सर्वांत जवळचे तारघर अलास्कातल्या ईगल गावी, अमेरिकन लष्कराच्या ठाण्यात होते. अंतर सुमारे ८०० किलोमीटर.

आपल्या जहाजावरचा एकही माणूस सोबत न घेता अमुंडसेन २४ ऑक्टोबरला निघाले. सुरुवातीला एक अमेरिकन कप्तान आणि एक इन्युइट जोडपे बरोबर होते. डोंगर ओलांडल्यावर गोठलेली नदी हाच रस्ता होता. बहुतेक वाट ते स्कीवरच चालले. ५ डिसेंबरला ते ईगलला पोहोचले आणि त्यांनी नॉर्वेत नान्सेन यांना तार केली. पारा तेव्हा शून्याखाली पन्नासच्या आसपास होता. दुर्दैवाने तारेतला मजकूर वाटेतच फुटला आणि इतर वृत्तपत्रांनी तो छापला, त्यामुळे ठरलेले पैसे हातचे गेले.

काम झाले होते, गावात ऊब होती. पण त्यांची माणसे बर्फात होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये ते सर्वांची पत्रे घेऊन परत निघाले आणि १२ मार्चला जहाजावर पोहोचले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांचा तरुण सहकारी विक आजारपणात वारला. त्या वेळी प्रमुख आपल्या माणसांत होता.

यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत स्कॉट पुढे जातील या धास्तीने अमुंडसेन ८ सप्टेंबर १९११ रोजी, म्हणजे हंगामाच्या फार आधी निघाले. थंडीने सर्वांना माघारी फिरावे लागले. परतताना प्रमुखाची स्लेज पुढे निघून गेली आणि मागच्यांना वाली उरला नाही. पाय हिमदंशाने गेलेल्या प्रेस्ट्रुड यांना अनुभवी योहान्सन यांनी कसेबसे तळावर आणले आणि सकाळी सर्वांसमोर प्रमुखाला दोष दिला. दोष खरा होता. तरीही अमुंडसेन यांनी योहान्सन यांनाच ध्रुवाच्या तुकडीतून वगळले. ऑक्टोबरमध्ये, योग्य हवामानात, पाच जण पुन्हा निघाले. १४ डिसेंबर १९११ रोजी ते ध्रुवावर पोहोचले आणि पाचही जण सुखरूप परतले. घाईची चूक त्यांनी दुरुस्त केली, माणसाशी झालेली चूक मात्र तशीच राहिली.

१९२६ मध्ये स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंडहून ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून ते उत्तर ध्रुवावरून अलास्काला गेले. त्याच न्यू-ओलेसुंडमध्ये २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्या उड्डाणानंतर वैमानिक नोबिले यांच्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. दोन वर्षांनी नोबिले यांचे हवाई जहाज बर्फावर कोसळले. बातमी कळताच ५५ वर्षांचे अमुंडसेन त्यांच्या शोधाला निघाले. १८ जून १९२८ रोजी ट्रॉम्सोहून पाच जणांसह उडालेले ते विमान परतले नाही. नोबिले मात्र वाचले.

छात्रमित्रांनो, ईगलच्या त्या वाटेवर अमुंडसेन यांच्यासोबत आपला एकही माणूस नव्हता. पण अंगावर इन्युइटांनी शिकवलेला पोशाख होता आणि पाठीशी पूर्वीच्या फसलेल्या मोहिमांचा अभ्यास होता. जाणत्या माणसाचे ऐकले तेव्हा ते तरले. ऐकले नाही, तेव्हा त्यांच्या माणसांनी सोसले. उद्या तुमच्यापैकी कोणी सियाचीनवर तुकडी घेऊन चढेल, तेव्हा तिथल्या वाटा जाणणाऱ्या जुन्या जवानाला आधी विचारा आणि मागे राहिलेल्याची वाट पाहा.