फादर विल्यम डॉइल आणि एका मोडलेल्या पलटणीची आठवण

आपल्या पुणे धर्मप्रांताचे मुख्य मंदिर संत पॅट्रिकच्या नावाने का ओळखले जाते, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले अधूनमधून विचारतात. दख्खनच्या पठारावर आयर्लंडच्या संताचे काय काम, असे त्यांस वाटते, आणि ते वाटणे रास्तच आहे. उत्तर असे की, ते मंदिर १८५० साली पुण्याच्या छावणीत उभे राहिले, त्या वेळी छावणीतील कॅथलिक शिपायांत आयरिशांचा भरणा फार मोठा होता. ते शिपाई गेले, त्यांचे राज्य गेले, पुढे त्यांच्या पलटणीही मोडल्या; मंदिराचे नाव तेवढे राहिले. महोत्सवाच्या वर्षी आपण आपल्या पूर्वजांचे स्मरण करीत असता, ह्या पाहुण्यांपैकी एका पलटणीचे व तिच्या एका धर्मगुरूचे स्मरण करावे, असे मनात आले. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघाचे फादर विल्यम डॉइल. त्यांचे पाय आपल्या भूमीस कधी लागले नाहीत. परंतु ज्या पलटणीच्या नावाखाली त्यांनी देह ठेवला, तिचा जन्म मात्र आपल्या मुंबईचा.

पलटणीची हकीकत आधी सांगितली पाहिजे. पोर्तुगालची कॅथलिक राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याच्याशी ठरला, तेव्हा १६६१ च्या करारान्वये मुंबई बेट आंदण म्हणून देण्यात आले. ते ताब्यात घेण्यास जे गोरे शिपाई निघाले, त्यांस कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दीर्घकाळ खोळंबून राहावे लागले, व त्यांपैकी बहुतेक तेथेच रोगराईने मेले. उरलेसुरले मुंबईत आले. १६६८ साली राजाने बेट कंपनी सरकारास दिले, त्याबरोबर हे शिपाईही कंपनीच्या चाकरीत गेले. त्यांच्यातून वाढत वाढत मुंबईची युरोपियन पलटण झाली. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत गरीब आयरिश तरुण मोठ्या संख्येने भरती होत; घरी बटाट्याचे पीक बुडाले की पोटासाठी समुद्र ओलांडावा, हा त्यांचा परिपाठ. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तीत ही पलटण होती. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. तेव्हा आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी ह्या पलटणीकडे प्रेमाने पाहिले असेल, असे कोणी समजू नये. खडकीचे नाव तिच्या निशाणावर मानाने लिहिले गेले. आपल्याकडे त्याच नावाने राज्य बुडाल्याची आठवण होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१८५७ च्या बंडानंतर कंपनीचे राज्य संपले. १८६२ साली ती राणीच्या फौजेतील १०३ वी पलटण झाली, आणि १८८१ साली मद्रासच्या १०२ व्या पलटणीशी तिची सांगड घालून दोहोंचे मिळून रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स असे नाव ठेवण्यात आले. मुंबई आणि मद्रास ह्यांच्या पोटी डब्लिन जन्मास आले, असे विनोदाने म्हणता येईल. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा ह्याच नावाखाली आणखी नव्या पलटणी उभारण्यात आल्या. त्यांतील आठव्या पलटणीशी आपल्या चरित्रनायकांचा संबंध आहे.

विल्यम डॉइल ह्यांचा जन्म ३ मार्च १८७३ रोजी डब्लिनजवळील डॉकी ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. सात भावंडांत ते धाकटे. घर भक्तिमान होते. एक भाऊ रोममध्ये गुरुदीक्षेस अवघे काही दिवस उरले असता वारला. दुसरा भाऊ चार्ल्स येशूसंघात गेला. एक बहीण दयाभगिनींच्या संघात गेली. विली लहानपणी पहाटे गुपचूप उठून नोकरांची कामे उरकून ठेवी, शेगडी पेटवून ठेवी, आणि कोणी केले हे कळू देत नसे. हा स्वभाव त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

१८९१ साली ते टलबेग येथील येशूसंघाच्या नवदीक्षागृहात दाखल झाले. पुढल्या वर्षी त्या घरास आग लागली, आणि त्या धक्क्याने ह्या तरुणाची प्रकृती इतकी ढासळली की त्यास घरी पाठवावे लागले. हा पुन्हा परत येईल, गुरू होईल, अशी आशा फारशी कोणास नव्हती. ते परत आले. १८९३ साली त्यांनी पवित्र मरियेच्या नावे एक कागद लिहून आपल्या रक्ताने सही केली, आणि येशूसंघात हुतात्म्याचे मरण मिळावे अशी याचना केली. वीस वर्षांच्या मुलाचा तो आवेश होता. अशा आवेशाच्या कितीएक गोष्टी पुढे विरून जातात, हे सेमिनरीत ज्यांनी दिवस काढले त्यांस ठाऊक आहे. ह्यांचा कागद मात्र चोवीस वर्षे जपून राहिला.

शाळांत शिकवण्यात, बेल्जियम व इंग्लंड येथे तत्त्वज्ञान आणि डब्लिनमध्ये ईश्वरविद्या शिकण्यात पुढली वर्षे गेली. २८ जुलै १९०७ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. मग आयर्लंडभर फिरून धर्मप्रवचने व आध्यात्मिक साधना चालवण्याचे काम त्यांजकडे आले. बंदरावरील हमाल, रात्री उशिरा घरी परतणारे मजूर, वर्षानुवर्षे पापनिवेदनास न आलेली माणसे ह्यांना गाठण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. कामगारांसाठी साधनागृह असावे म्हणून त्यांनी लेखणी झिजवली. दीक्षेच्या पाचारणावर त्यांनी लिहिलेली छोटी पुस्तिका हजारो घरांत गेली, आणि पैशावाचून अडलेल्या मुलांस सेमिनरीत धाडण्यासाठी त्यांनी दारोदार मदत मागितली.

त्यांच्या देहदंडाविषयी लिहावे की नाही, ह्याचा मी बराच विचार केला. गारठ्यात थंड पाण्यात उभे राहणे, काटेरी झुडपांत शिरणे, दिवसभरात म्हटलेल्या छोट्या प्रार्थनांची हजारांनी मोजदाद ठेवणे, असे त्यांचे खाजगी आचार होते. आपले टिपण जाळून टाकावे अशी त्यांची सूचना होती. ते टिकले, व १९२० साली प्राध्यापक आल्फ्रेड ओरॅहिली ह्यांनी लिहिलेल्या चरित्रातून जगापुढे आले. तेव्हाही पुष्कळांनी भुवया उंचावल्या. माझ्या धर्मग्रामातील तरुणांनी त्यांचे अनुकरण करावे, असे मी सांगणार नाही, आणि त्यांनी स्वतःही इतरांस तसे सांगितले नाही. बाहेरच्यांना ते थट्टेखोर, हसतमुख, कोणाच्याही जेवणात मीठ घालणारे गृहस्थ म्हणूनच माहीत होते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते फौजेत चॅपलन म्हणून नेमले गेले. प्रथम ते रॉयल आयरिश फ्युझिलियर्सच्या आठव्या पलटणीबरोबर फ्रान्सला गेले. एप्रिल १९१६ चा अखेरचा आठवडा वाचकांनी ध्यानात धरावा. २४ एप्रिल, पास्काचा सोमवार: डब्लिनमध्ये स्वातंत्र्यासाठी बंड झाले, आणि ते मोडण्यास डब्लिन फ्युझिलियर्सचेही शिपाई धाडण्यात आले, आयरिश माणसाने आयरिश माणसावर बंदूक धरली. २७ एप्रिल: लूस गावाजवळ आयरिश डिव्हिजनच्या खंदकांवर जर्मनांनी विषारी वायू सोडला, आणि तीन दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मेली. २९ एप्रिल: दूर मेसोपोटेमियात कूट येथे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनने शरणागती पत्करली, तीत आपले मराठे शिपाई होते. एका आठवड्यात तीन देशांतील आयांवर आकाश कोसळले.

त्या वायूच्या सकाळी फादर डॉइल खंदकात होते. गुदमरणाऱ्या शिपायांपाशी एकेक करून जाऊन त्यांनी पापक्षमा दिली व अखेरचा अभ्यंग केला. सप्टेंबरमध्ये सॉम नदीकाठच्या लढाईत त्यांनी मृतांसाठी मिस्सा केली: खंदकाच्या भिंतीत कोनाडा खोदून उभे राहण्यापुरती जागा केली, जर्मन संगिनी दोन रोवून त्यांवर बिस्किटांची पेटी ठेवली, तीच वेदी. सभोवार पुरावयाचे राहिलेले देह पडले होते, तोच भक्तसमुदाय. हे त्यांनी वडिलांना पत्राने कळवले होते. वडील म्हातारे होते, आणि मुलगा त्यांस नियमाने, पुष्कळदा विनोदाने, सारे लिहीत असे.

डिसेंबर १९१६ मध्ये त्यांची बदली डब्लिन फ्युझिलियर्सच्या आठव्या पलटणीत झाली, आणि जानेवारी १९१७ मध्ये सॉमच्या लढाईतील शौर्याबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस मिळाला. पदकाचे त्यांस फारसे वाटले नाही. वडिलांस आनंद होईल एवढेच समाधान. जूनमध्ये मेसीनच्या टेकडीवर दक्षिणेचे कॅथलिक आणि अल्स्टरचे प्रॉटेस्टंट शेजारी शेजारी लढले. घरी ज्यांचे एकमेकांशी वैर, त्या अल्स्टरच्या शिपायांतही ह्या कॅथलिक गुरूविषयी आदर वाढला, कारण जखमी कोणत्या पंथाचा हे ते विचारीत नसत.

ऑगस्टच्या आरंभी त्यांचे सहकारी फादर फ्रँक ब्राउन (टायटॅनिक बोटीची छायाचित्रे काढणारे तेच) दुसऱ्या पलटणीत गेले, आणि कित्येक पलटणींचा भार एकट्या फादर डॉइल ह्यांजवर पडला. ईप्र शहराजवळ पाऊस अखंड कोसळत होता. जखमी माणूस चिखलाच्या खड्ड्यात पडला तर तेथेच बुडून मरे. १५ ऑगस्ट, स्वर्गोन्नयनाचा सण, त्यांनी ह्या चिखलात काढला. दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्ट १९१७ रोजी, फ्रेझेनबर्गच्या उंचवट्यावर हल्ला झाला व फसला. फादर दिवसभर पुढल्या रेषेवर जखमींमध्ये वावरत होते. तिसऱ्या प्रहरानंतर तोफगोळ्याने त्यांचा अंत झाला. वय चव्वेचाळीस. त्यांचा देह पुढे सापडला नाही. व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्यांची शिफारस झाली होती. ते पदक मिळाले नाही.

युद्धात डब्लिन फ्युझिलियर्सची सुमारे ४,७०० माणसे गेली. जे घरी परतले, त्यांस देश ओळखू येईना. बंडातील हुतात्म्यांची चित्रे घरोघर लागली होती, आणि इंग्रजांचा गणवेश घातलेल्यांना कोणी जवळ करीना. बोअर युद्धातील मृतांसाठी डब्लिनमध्ये १९०७ साली उभारलेल्या ह्या पलटणीच्या कमानीस लोक द्रोह्यांचा दरवाजा म्हणत. आयर्लंड स्वतंत्र होताच दक्षिणेच्या आयरिश पलटणी मोडण्यात आल्या. १२ जून १९२२ रोजी विंडसरच्या राजवाड्यात त्यांची निशाणे राजाच्या स्वाधीन झाली, आणि जुलैअखेर पलटण संपली. खडकीचे नाव असलेले निशाणही त्यांतच गेले. मुंबईच्या आंदणापासून सुरू झालेली कथा दोनशे साठ वर्षांनी अशी एका राजवाड्यात थांबली.

त्यानंतर पन्नास-साठ वर्षे त्या घरांत आजोबांची पदके पेटीच्या तळाशी राहिली. दोष कोणास द्यावा? ज्या देशाने स्वातंत्र्यासाठी रक्त दिले, त्यास परक्याच्या फौजेतील मुलांचे गुणगान कसे गावे हे समजेना. आपल्याही देशास हा पेच नवा नाही. साताऱ्याजवळील अपशिंगे गावची सेहेचाळीस माणसे त्या महायुद्धात कामास आली. त्या एका गावाने आपली आठवण सोडली नाही, म्हणून आपण ते सांगू शकतो. आयर्लंडमध्ये १९९६ साली काही नातवंडांनी व अभ्यासकांनी डब्लिन फ्युझिलियर्सच्या स्मरणार्थ संघ स्थापन केला. पत्रे, छायाचित्रे, पदके गोळा झाली, आणि त्यांचे दप्तर डब्लिनच्या नगर-ग्रंथालयात ठेवण्यात आले. ११ नोव्हेंबर १९९८ रोजी मेसीन येथे आयरिश धर्तीचा उंच गोल मनोरा उभा राहिला. त्याच्या उद्घाटनास आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा आणि इंग्लंडची राणी एकत्र उभ्या होत्या. हे पाहण्यास जुन्या शिपायांपैकी जवळजवळ कोणी उरले नव्हते.

फादर डॉइल ह्यांची आठवण मात्र त्या मुक्या वर्षांतही मिटली नव्हती, कारण त्यांचे चरित्र वाचून प्रार्थना करणारी माणसे सर्व देशांत होती. २० नोव्हेंबर २०२२ रोजी, ख्रिस्तराजाच्या सणादिवशी, मीथ धर्मप्रांताच्या बिशपांनी मलिंगार येथील कॅथेड्रलमध्ये त्यांच्या संतपदाच्या चौकशीस विधिपूर्वक आरंभ केला.

बेल्जियममध्ये टाइन कॉट येथे कबर न लाभलेल्यांची जी लांबच लांब भिंत आहे, तिच्यावर त्यांचे नाव कोरलेले आहे. नावे पलटणवार लिहिलेली असल्याने डब्लिन फ्युझिलियर्सच्या यादीत ते शोधू गेल्यास सापडत नाही. ते फौजेच्या धर्मगुरूंच्या छोट्या यादीत आहे. आपल्या पलटणीची मुले थोड्या अंतरावर, त्याच भिंतीवर आहेत.