विलिस कॅरियर : एसीच्या डब्यावरचं नाव आणि त्यामागचा माणूस



मे महिन्यात आपल्या देवपुरात दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पूर्वी खान्देशात धाब्याची घरं होती, जाड मातीच्या भिंती होत्या, त्यामुळे आत तरी थंडावा असायचा. आता सगळीकडे सिमेंटचा स्लॅब. दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आपल्या अंगावर सोडतो. मग कूलर घ्यायचा की एसी, बिल किती येईल, सर्व्हिसिंगला किती लागतील, हीच चर्चा प्रत्येक घरात. एसीच्या डब्यावर 'कॅरियर' हे नाव आपण वाचतो. त्याचा सायकलच्या कॅरियरशी काही संबंध नाही बरं का! ते एका माणसाचं आडनाव आहे. आज त्यांचीच माहिती बघू.

विलिस कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या गावाजवळच्या शेतावर झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक. आईला घड्याळ, शिलाई मशीन असल्या वस्तू उघडून दुरुस्त करायची आवड होती. ती काम करायची आणि मुलगा बाजूला बसून बघायचा.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या प्राथमिकच्या शिक्षकांनी नक्की लक्षात ठेवावी. लहान विलिसला अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते. पाव अधिक अर्धा म्हणजे किती, हे पाठ करूनही डोक्यात शिरेना. आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला सांगितलं. मग एक अर्धं कापलं, एक चार भागांत, एक आठ भागांत, आणि त्या फोडींचीच बेरीज-वजाबाकी करायला लावली. त्या दिवशी अपूर्णांक तर समजलेच, पण अवघड गोष्टीचे तुकडे केले की ती सुटते, हेही त्यांना उमगलं. पुढे आयुष्यभर ते ही आठवण सांगत असत. विलिस ११ वर्षांचे असताना आई वारली. (आपण चौथीला अपूर्णांक शिकवताना भाकरी किंवा कागद घेतोच. सफरचंद परवडत नाही, एवढाच फरक!)

घरची परिस्थिती बेताची. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली आणि कॉलेजचं स्वप्न लांबलं. या काळात त्यांनी काय केलं माहीत आहे? शाळेत शिक्षक म्हणून नोकरी केली. म्हणजे एसीचा जनक आधी आपल्याच व्यवसायातला होता. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश झाला. तिथे लोकांच्या अंगणातलं गवत काप, भट्ट्या पेटव, अशी कामं करून त्यांनी खर्च भागवला. १९०१ मध्ये इंजिनिअर होऊन ते बफेलो शहरातल्या एका कंपनीत आठवड्याला १० डॉलर पगारावर लागले.

वर्षभरातच एक विचित्र काम समोर आलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. एकाच कागदावर चार रंग एकामागून एक छापायचे, पण हवेतल्या ओलाव्यामुळे कागद कधी फुगायचा, कधी आकसायचा. दुसरा रंग पहिल्याच्या जागी बसायचाच नाही. माल वाया, पैसा वाया. कॅरियर यांनी जे यंत्र आखलं त्याच्या आराखड्यावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. एसीचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. गंमत बघा, ते यंत्र माणसांसाठी नव्हतंच, कागदासाठी होतं! आणि मुख्य काम थंड करणं नव्हतं, तर हवेतला ओलावा ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवणं हे होतं. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातलं पाणी नळ्यांवर जमून गळतं. आपल्या एसीच्या पाइपातून बादलीत जे पाणी ठिबकतं ना, तेच ते.

'दीड टन' म्हणजे काय, हाही प्रश्न पालक विचारतात. एसीचं ते वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. त्या छापखान्याचं यंत्र साधारण ५४ टनांचं होतं, म्हणजे आपले दीड टनाचे ३६ एसी.

त्याच वर्षी पिट्सबर्ग स्टेशनवर ते रेल्वेची वाट बघत उभे होते. सगळीकडे दाट धुकं. आपण असतो तर गाडीला किती उशीर होणार याचीच काळजी केली असती. कॅरियर मात्र विचार करत बसले की धुकं म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा, पण थंड असल्यामुळे तिच्यात एकूण पाणी कमीच. मग हवा थंड पाण्याच्या फवाऱ्यातून नेली, तर पाण्याचं तापमान बदलून हवेतला ओलावा पाहिजे तेवढा ठेवता येईल. पाण्याने हवा कोरडी करायची, हे ऐकायलाच उलटं वाटतं. पण ते जमलं आणि १९०६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मात्र त्यांचा नाही. तो त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या सूतगिरण्यांच्या इंजिनिअरने काढला. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, हे धुळे-अमळनेरच्या गिरण्यांत काम केलेल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

१९११ साली त्यांनी तापमान आणि ओलावा यांचा हिशेब सूत्रांत मांडून अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे वाचला. मला तर एसीपेक्षा हेच काम मोठं वाटतं, कारण आपल्या घरचा कूलर-एसीचा वाद त्यातूनच सुटतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि ओलावा १५ टक्के असेल, तर नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून साधा कूलरही २७-२८ अंशांची हवा देतो. पण पाऊस पडून तापमान ३२ आणि ओलावा ७५ टक्के झाला, की ती मर्यादा २८ वर येते. मग कूलरमधून नुसती दमट हवा येते, अंग चिकचिकतं. म्हणजे कोरड्या खान्देशी उन्हाळ्यात कूलरचं गवत बदलून घेतलं तर बऱ्याच घरांचं भागतं. एसीची खरी गरज जूनच्या घामट दिवसांत, आणि घरात आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तेव्हा.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग डेल कार्नेगी यांच्या चिंतेवरच्या पुस्तकात आला आहे. एका काच कारखान्यात कॅरियर यांनी बसवलेलं वायू शुद्ध करायचं यंत्र सांगितल्याप्रमाणे चालेना. झोप उडाली, पोटात गोळा आला. शेवटी त्यांनी स्वतःला विचारलं की वाईटात वाईट काय होईल? कंपनीचे २० हजार डॉलर बुडतील. ते मनाने मान्य केल्यावर डोकं शांत झालं, पुन्हा चाचण्या घेतल्या, आणखी ५ हजारांचं साहित्य लावलं आणि यंत्र चाललं. तोटा टळला, उलट १५ हजारांचा फायदा झाला.

हे वाचताना मला आमचाच एसी आठवला. तीन उन्हाळे ओळीने मेकॅनिक आला, गॅस कमी झालाय म्हणाला, भरून पैसे घेऊन गेला. चौथ्या वर्षी दुसऱ्याने तपासलं तर बाहेरच्या युनिटच्या जोडावर बारीक गळती होती. तोवर गॅसवरच सात-आठ हजार गेले होते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. तसंच धुळीचं. फिल्टरवर धूळ बसली की हवा अडते, यंत्र जास्त वेळ चालतं आणि मीटर पळतं. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावा, त्याला पैसे लागत नाहीत. तापमान २४ च्या खाली नेऊ नये. एकेक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालवला तर ८ ते १२ युनिट जातात, म्हणजे महिन्याला अडीचशे-साडेतीनशे. घरचा बाकीचा वापर धरला की ३०० युनिटांची पायरी ओलांडली जाते आणि पुढच्या युनिटांचा दर वाढतो. बिल पाहून धक्का बसतो तो याच्यामुळे.

असो, चरित्राकडे वळू. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर मालकांनी कॅरियर यांचा विभाग गुंडाळला. तेव्हा १९१५ मध्ये सात इंजिनिअरांनी ३२,६०० डॉलर गोळा करून स्वतःची कंपनी काढली. १९२२ मध्ये त्यांनी मोठ्या इमारतींसाठी सुरक्षित आणि सुटसुटीत शीतयंत्र आणलं. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये ते बसलं आणि भर उन्हाळ्यात लोक गारव्यासाठी सिनेमाला जाऊ लागले. १९२८ मध्ये घरासाठीही यंत्र काढलं, पण लगेच महामंदी आली आणि घेणार कोण? घरगुती एसीची खरी विक्री दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. संसारातही दुःख कमी नव्हतं. त्यांच्या दोन पत्नी त्यांच्या हयातीत वारल्या, नंतर तिसरं लग्न झालं.

७ ऑक्टोबर १९५० रोजी, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस दीड महिन्यावर असताना, विलिस कॅरियर यांचं न्यूयॉर्कमध्ये निधन झालं. घरोघरी एसी दिसण्याचे दिवस तेव्हा नुकतेच सुरू होत होते. सफरचंदाची गोष्ट जून महिन्यात वर्गात सांगून बघा, आणि मुलांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा.