विल्यम बेव्हरिज : दारिद्र्याचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ

अर्थशास्त्राच्या तासाला कल्याणकारी राज्याचा विषय निघाला की बेव्हरिज अहवालाचे नाव येतेच. अभाव, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे पाच राक्षस परीक्षेपुरते पाठ करायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, ही आपली नित्याची रीत. हा अहवाल लिहिणारे गृहस्थ कोण, कुठले, याची चौकशी सहसा कुणी करीत नाही. गंमत अशी की ते जन्माने याच भूमीवरचे. विल्यम बेव्हरिज यांचा जन्म ५ मार्च १८७९ रोजी बंगालमधील रंगपूर येथे झाला. ते गाव आता बांगलादेशात आहे.

वडील हेन्री बेव्हरिज हे आय. सी. एस. मधील न्यायाधीश. आई ॲनेट या १८७२ साली बंगाली मुलींना शिकविण्याच्या ओढीने कलकत्त्यास आल्या, तेथे त्यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढे बाबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर करून विद्वानांत नाव मिळविले. १८८३ च्या इल्बर्ट बिलाच्या वादळात पती बिलाच्या बाजूने तर पत्नी विरुद्ध, असे या घरातील स्वातंत्र्य होते! आई-वडिलांच्या या हिंदुस्थानातील आयुष्यावर बेव्हरिज यांनी पुढे एक पुस्तक लिहिले. ते नेमके १९४७ साली प्रसिद्ध झाले.

ऑक्सफर्डच्या बॅलिऑल कॉलेजातून उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या या तरुणापुढे वकिलीचा राजमार्ग मोकळा होता. तो सोडून १९०३ साली ते पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील टॉयन्बी हॉल या सेवाकेंद्रात उपप्रमुख म्हणून राहावयास गेले. विद्यापीठातील शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहून ती वस्ती समजून घ्यावी, अशी या संस्थेची कल्पना. बेव्हरिज स्वभावाने फार हळवे मुळीच नव्हते. दानधर्मावर त्यांचा विश्वास कमीच होता. दारिद्र्य पाहून डोळ्यांत पाणी आणण्यापेक्षा ते कशाने निर्माण होते, हे आकडे मांडून पाहावे, असा त्यांचा पिंड.

आणि पाहण्यासारखे तेथे पुष्कळ होते. लंडनच्या गोद्यांवर रोज सकाळी फाटकाशी हमालांची गर्दी जमे. मुकादम त्यातले काही निवडी, उरलेले हात हलवीत घरी परतत. प्रत्येक गोदीच्या फाटकाशी अशी वेगळी गर्दी. एका ठिकाणी माणसे कमी पडत त्याच दिवशी दुसरीकडे ती रिकामी बसत, कारण एका फाटकाची खबर दुसऱ्याला नसे. म्हणजे कामाच्या मानाने माणसे कायमच जास्त राहणार आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धपोटी आठवडा येणार. बेकार माणूस आळशी किंवा व्यसनी असतो म्हणून बेकार असतो, हा त्या काळच्या सुखवस्तू समाजाचा लाडका सिद्धांत. बेव्हरिज यांनी १९०९ च्या आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात बेकारीला उद्योगधंद्यांच्या रचनेचा प्रश्न ठरविले. आज हे साधे वाटते. पण १८३४ च्या गरीब कायद्याने ज्या देशात मदत मागणाऱ्याला वर्कहाउसच्या भिंतीआड पाठविण्याचा दंडक घातला होता, तेथे हे म्हणणे लहान नव्हते.

१९०८ मध्ये चर्चिल यांनी त्यांना व्यापार खात्यात घेतले. काम देणारा आणि काम शोधणारा यांची गाठ घालून देणारी सरकारी कार्यालये, म्हणजे लेबर एक्स्चेंज, फेब्रुवारी १९१० पासून सुरू झाली, ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. (आपल्याकडची एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज १९४५ साली, सैन्यातून परतणाऱ्या जवानांसाठी, याच वंशात जन्मली.) १९११ च्या कायद्याने बेकारीचा विमा आला. आठवड्याला कामगाराचे अडीच पेन्स, मालकाचे अडीच पेन्स, सरकारची भर, आणि काम सुटल्यास सात शिलिंग. सुरुवातीस तो बांधकाम, जहाजबांधणी अशा मोजक्या धंद्यांपुरता होता. रक्कम अपुरीच होती, परंतु ती मागताना मान खाली घालावी लागत नव्हती, कारण कामगाराने तिचा हप्ता भरलेला असे.

पहिल्या महायुद्धात त्यांनी अन्नखाते आणि रेशनिंग सांभाळले. १९१९ ते १९३७ या काळात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. डॉ. आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात याच संस्थेत अभ्यास करीत होते. बेव्हरिज यांनी संस्था वाढविली, इमारती उठविल्या, पण कारभार एकतंत्री. प्राध्यापकांशी खटके उडत. १९३३ मध्ये हिटलरने ज्यू प्राध्यापकांना हाकलले तेव्हा त्यांना आश्रय देण्यासाठी मंडळ उभारण्यात मात्र हाच तापट माणूस पुढे होता.

याच वर्षांत बेकारीचा विमा महामंदीच्या भाराखाली वाकला. १९३१ पासून, ज्यांचा विमा संपला त्यांच्या मदतीसाठी मिळकतीची चौकशी सुरू झाली. तपासनीस घरी येई, सामानसुमान पाही, मुलाची मजुरी विचारी आणि त्या हिशेबाने बापाची मदत कापी. कमावता मुलगा घर सोडून गेला तर बापाला चार शिलिंग जास्त, असा हा उफराटा न्याय. इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत या चौकशीइतका संताप क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल.

१९४१ साली बेव्हरिज बासष्ट वर्षांचे होते. युद्धकाळात मनुष्यबळाची सूत्रे आपल्या हाती यावीत, अशी त्यांची इच्छा. मजूरमंत्री बेव्हिन यांना ते नकोसे झाले होते. तेव्हा विमायोजनांची घडी बसविण्याची एक दुय्यम समिती त्यांच्या गळ्यात घालण्यात आली. ते मनातून अतिशय नाराज झाले. समितीत बाकीचे सारे निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी. विषय राजकीय होत चालला तसे सरकारने ठरविले की अहवालावर सही एकट्या बेव्हरिज यांची असावी. सरकारला वाटले, जबाबदारी टळली. बेव्हरिज यांच्या दृष्टीने मैदान मोकळे झाले.

१ डिसेंबर १९४२ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला आणि विक्रीच्या दुकानापुढे रांगा लागल्या. पूर्ण आणि संक्षिप्त मिळून सहा लाखांवर प्रती खपल्या. सरकारी अहवालाचे असे भाग्य विरळाच! योजनेचा गाभा सोपा होता. सर्वांचा हप्ता सारखा, सर्वांना लाभ सारखा, आणि तो हक्क म्हणून. बेकारी, आजार, वार्धक्य, वैधव्य, अंत्यविधी, सगळ्यांना एकच विमा. बेकार जोडप्याला आठवड्यास चाळीस शिलिंग. पण त्यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या, आणि खरे मर्म तेथे आहे : मुलांसाठी भत्ता, सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि सामूहिक बेकारी होऊ न देण्याची सरकारची जबाबदारी. या तीन नसतील तर विमा कोलमडतो, हे १९३१ ने शिकविले होते.

दोषही होते. विवाहित स्त्रीला त्यांनी बहुतांशी नवऱ्याच्या आधाराने जगणारी धरले. स्त्री-संघटनांनी तेव्हाच त्यावर कोरडे ओढले. शिवाय घरभाडे लंडनमध्ये एक आणि खेड्यात दुसरे, मग सारखी रक्कम सर्वांना पुरणार कशी, हे कोडे त्यांना सुटले नाही. चर्चिल तर खर्चाच्या धास्तीने थंडच राहिले. सैनिकांसाठी काढलेला अहवालाचा सारांश दोन दिवसांत परत घेण्यात आला.

१९४४ मध्ये लिबरल पक्षातर्फे ते पार्लमेंटात गेले आणि १९४५ मध्ये पडले. योजना अमलात आणली ती मजूर पक्षाने. राष्ट्रीय विमा कायदा १९४६ चा, आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ची. जनक बाहेर बसून पाहत राहिला. कल्याणकारी राज्य हा शब्दप्रयोग तर त्यांना आवडतच नसे. त्यातून सरकार सांताक्लॉजसारखे वाटते आणि नागरिकाचे कर्तव्य झाकले जाते, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचे काम सोपविण्यात आले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. पण हप्ता कापायला मुळात नियमित पगार लागतो. शेतमजुराला, विणकराला, विडी वळणाऱ्या बाईला तो कोठून? बेव्हरिज यांच्या यंत्रातला हा दाता आपल्या जमिनीवर बसत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने विम्याऐवजी रोजगाराची हमी देण्याची वाट धरली असावी, असे मला वाटते.

खुद्द इंग्लंडमध्येही सारे मनासारखे झाले नाही. ठरविलेले दर महागाईपुढे अपुरे पडले. वृद्धांना विम्याच्या पेन्शनवर भागेना, म्हणून ते राष्ट्रीय साहाय्य मंडळाकडे जाऊ लागले. तेथे पुन्हा मिळकतीची चौकशी आलीच, जरी ती १९३१ इतकी कठोर नव्हती. ही संख्या हळूहळू घटेल असे बेव्हरिज यांनी मांडले होते. १९५० नंतर ती वाढत गेली. लॉर्ड बेव्हरिज १६ मार्च १९६३ रोजी ऑक्सफर्ड येथे वारले. नॉर्थम्बरलँडमधील थॉक्रिंग्टन या लहानशा खेड्यात, चार वर्षे आधी गेलेल्या पत्नीच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले.