एकच करडू, दोनदा चितारलेले

अनाशी धाकाचा सण जवळ आला की आम्ही मुलांना हग्गादा घेऊन बसवतो. ‘हद गद्या’ हे करडाचे गाणे त्यांना शाळेतूनच पाठ झालेले असते. बापाने दोन नाण्यांना करडू घेतले, ते मांजराने खाल्ले, मांजराला कुत्रा चावला, असे करीत गोष्ट मृत्युदूतापर्यंत जाते व अखेर देव त्यालाही मारतो. या गाण्याची यिद्दिश चित्रे काढणाऱ्या एल लिसित्स्कीची हकीकत यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लाझार लिसित्स्कीचा जन्म 1890 साली रशियात स्मोलेन्स्कजवळ पोचिनोक येथे झाला. तेराव्या वर्षी तो व्हितेब्स्कला येहुदा पेन या चित्रकाराकडे शिकू लागला. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत यहुद्यांना जागा मोजक्याच. 1909 मध्ये तिने त्याला घेतले नाही. मग जर्मनीत वास्तुशास्त्र शिकून तो महायुद्ध सुरू होताच परतला. 1915 मध्ये झारच्या सरकारने हिब्रू अक्षरांतील छपाई बंद केली होती. 1917 च्या क्रांतीने ती बंदी उठली आणि यिद्दिश बालपुस्तकांना जणू पूर आला.

हे गाणे त्याने दोनदा चितारले. प्रथम 1917 मध्ये, आणि पुन्हा 1919 मध्ये कीव्हच्या कुल्तुर लीगेसाठी. या दुसऱ्या पुस्तकाच्या प्रती निघाल्या अवघ्या 75. दोन्हींची चित्रे मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत व आपण गप्प बसावे. आधी दिसतो तो रंग: दुसऱ्या पुस्तकात ज्या रंगाचे करडू, त्याच रंगात करडाचा यिद्दिश शब्द. मग शेवटचे पान. पहिल्या खेपेस मृत्युदूत पडला आहे, पण जिवंत आहे. दुसऱ्या खेपेस तो मेलेला, आणि डोक्यावरचा मुकुट जाणकारांच्या मते झारचा. मध्ये काय घडले, हे मुले आपणहून विचारतात.

पुण्यात 1874 साली छापलेली आपली मराठी हग्गादाही आम्ही दाखवतो. तीत बेखमीर भाकर लाटणाऱ्या बायका आपल्याकडच्याच पोषाखात जमिनीवर बसल्या आहेत. खरे तर तुलना इथूनच सुरू करावी. आजीची बसण्याची तऱ्हा मुले लगेच ओळखतात.

1919 मध्येच शागालने लिसित्स्कीला व्हितेब्स्कच्या कलाशाळेत शिकवायला बोलावले. तिथे मालेविचच्या सहवासात तो चौकोन व रेषांकडे वळला आणि थोड्याच वर्षांत यिद्दिश पुस्तके मागे पडली. पुढे सोव्हिएत सरकारची प्रदर्शने व भित्तिचित्रे करता करता, क्षयाने जर्जर होऊन तो 30 डिसेंबर 1941 रोजी मॉस्कोत वारला. त्याची पत्नी सोफी जर्मन. त्या एका कारणावरून 1944 मध्ये तिला सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला धाडण्यात आले. तिथेच ती 1978 साली वारली.