संत जॉन बॉस्को आणि त्यांच्या कार्यशाळा

३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण. डॉन बॉस्को म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना माटुंग्याची शाळा आणि तिचे मैदान आठवते. परंतु ह्या संताच्या कार्याची सुरुवात सुई, करवत आणि थापी हाती धरणाऱ्या गरीब मुलांपासून झाली, ह्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की ह्या वाडीत झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील देवाघरी गेले. आई मार्गारिता हिने शेतात राबून मुलांना वाढवले. शिक्षणासाठी जॉनने शिंप्याकडे, लोहाराकडे, कॉफीच्या दुकानातही काम केले. १८४१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तेव्हा खेड्यापाड्यांतली मुले पोटासाठी तुरीन शहरात येत. गवंड्याच्या हाताखाली दिवसभर राबत, रात्री कोठेतरी पडून राहत. काहींची गाठ शेवटी तुरुंगाशी पडे. फादर बॉस्कोंनी त्यांना रविवारी प्रार्थना, धर्मशिक्षण आणि खेळासाठी एकत्र आणले. १८४६ साली वाल्दोक्को भागातील एका साध्या शेडमध्ये त्यांना हक्काची जागा मिळाली. पण सोमवारपासून शनिवारपर्यंत मुलांचे काय?

ह्याचे त्यांनी दिलेले उत्तर आम्हांला फार मोलाचे वाटते. ते मालकाशी लेखी करार करू लागले. १८५२ च्या फेब्रुवारीत एका सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी केलेला करार आजही जपून ठेवलेला आहे. दोन वर्षांत मालकाने काम पूर्ण शिकवावे, मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवावी, सणावारी सुटी द्यावी, चुकल्यास शब्दांनी समज द्यावी पण हात उगारू नये, अशा त्यात अटी होत्या. मुलाच्या बापाबरोबर फादर बॉस्कोंनीही सही केली. आजच्या कितीतरी शिकाऊ उमेदवारांच्या वाट्याला असा कागद येत नाही!

पुढे त्यांनी स्वतःच्याच कार्यशाळा काढल्या. १८५३ साली चांभारकाम आणि शिंपीकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना आणि लोहारकाम. १८८४ च्या तुरीनच्या प्रदर्शनात त्यांनी कागद बनवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे सारे काम लोकांसमोर मांडले. कर्ज मात्र सदैव डोक्यावर असे.

१८५९ साली स्थापन झालेल्या सालेशियन संस्थेत धर्मगुरूंबरोबर व्रतस्थ बंधूही होते. त्यांतले अनेक कसबी कारागीर होते. हे काम देशाबाहेर नेताना त्यांचाच मोठा उपयोग झाला. अर्जेंटिनाच्या वाणिज्यदूतांच्या आणि बोनस आयरिसच्या आर्चबिशपांच्या बोलावण्यावरून १८७५ च्या नोव्हेंबरात फादर काल्येरोंच्या नेतृत्वाखाली दहा जण निघाले: सहा धर्मगुरू आणि चार बंधू. बंधूंमध्ये सुतारकाम जाणणाराही होता. निघण्यापूर्वी सर्वांनी स्पॅनिश शिकायला घेतली. तिकडे गेल्यावर आधी तेथल्या इटालियन स्थलांतरितांमध्ये पाय रोवले आणि काही वर्षांतच बोनस आयरिसमध्ये मुलांना हस्तव्यवसाय शिकवणारी शाळा उभी राहिली.

फादर बॉस्को स्वतः कधी अर्जेंटिनाला गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, माणसे पाठवली आणि १८७७ पासून एक पत्रिका काढली. तिच्या फ्रेंच आणि स्पॅनिश आवृत्त्या निघाल्या. तिच्यातून परदेशातील कामाची बातमी घरोघरी जाई आणि मदत येई. पत्रिकेचे बळ किती, हे आपल्यासारख्या रविवारच्या वाचकांना सांगायला नको! म्हातारपणी पाय थकलेले असतानाही १८८३ साली ते पॅरिसला आणि १८८६ साली बार्सिलोनाला गेले. बार्सिलोनाजवळ सारिया येथे दोरोतेआ दे चोपितेआ ह्या धनवान विधवेच्या मदतीने कार्यशाळा सुरू झाल्या होत्या.

आपल्या बाळकुम-कोळशेत पट्ट्यात एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. आता तेथे टॉवर उभे आहेत. कसब हाती असलेल्या मुलाला मात्र काम शोधत दूर जाता येते, मग ते भिवंडी असो की आखाती देश. तरीही आपल्या घरांत आयटीआयचे नाव निघते ते मुलाला मार्क कमी पडले म्हणजे, हे आम्हांला खटकते.

३१ जानेवारी १८८८ रोजी फादर बॉस्को प्रभूच्या घरी गेले. १९३४ च्या ईस्टरला त्यांना संतपद बहाल झाले. त्यांचे धर्मबंधू १९०६ साली मैलापूरच्या बिशपांच्या निमंत्रणावरून तंजावरला आले आणि त्यांनी तेथील अनाथालय हाती घेतले. १९२८ साली ते मुंबईत पोहोचले. कुर्ल्याला प्रिमियर रोडवर त्यांची तांत्रिक शिक्षणाची संस्था आहे. ठाण्याहून लोकलने सहज जाता येते.