कंपनी नेमकी कोणाची? सीडींनी विचारलेला प्रश्न

शंभर-दोनशे रुपयांचा एक शेअर घेतला की आपण त्या कंपनीचे इवलेसे मालक होतो. पण कंपनी चालवणाऱ्यांनीच आपले पैसे खिशात घातले तर? हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सीडी, यांच्यासमोर होता.

जन्म १८९६ चा, रायगडाजवळच्या नाते गावातला. मॅट्रिकला पहिले, केंब्रिजला वनस्पतीशास्त्र, मग आयसीएस. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री.

तेव्हा आपल्याकडे मॅनेजिंग एजन्सीचा जमाना होता. कंपनी कागदावर भागधारकांची, पण कारभार करारावर दुसऱ्याच फर्मकडे. अशी एक फर्म कितीतरी कंपन्या चालवायची, भरपूर कमिशन घ्यायची आणि काही जण तर एका कंपनीचा पैसा आपल्याच दुसऱ्या कंपनीत वळवायचे. भागधारकाच्या हाती उरलंसुरलं!

भाभा समितीच्या अहवालानंतर सीडींनी नवा कंपनी कायदा आणला. तो १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. कारभाऱ्यांच्या एकूण मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा आली. पुढे एका एजंटला दहापेक्षा जास्त कंपन्या ठेवता येणार नव्हत्या. ही पद्धत लगेच बंदच करा, असं अनेकांचं म्हणणं होतं. सीडींनी लगाम घालणं पसंत केलं. पूर्ण बंदी आली ती थेट १९७० मध्ये.

१९५६ च्याच जानेवारीत त्यांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं. २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारकडे आला आणि सप्टेंबरमध्ये एलआयसी सुरू झाली. पण तोवर सीडी मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाविरोधात त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता.

पुढच्याच वर्षी एलआयसीचे सव्वा कोटींच्या आसपास रुपये उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गेले. फिरोज गांधींनी लोकसभेत जाब विचारला, चौकशी झाली आणि तेव्हाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावं लागलं. म्हणजे मालक खासगी असो वा सरकार, हिशेब मागणारं कुणीतरी लागतंच.

सीडी नंतर यूजीसीचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८२ मध्ये ते गेले. आज आपल्या इनबॉक्समध्ये कंपनीचा वार्षिक अहवाल येतो आणि आपण तो न उघडताच डिलीट करतो. पुढच्या वेळी निदान एकदा उघडून तरी बघूया.